'ते', 'आपण' आणि 'आम्ही' : आदिवासींच्या विकासाचं व्याकरण



संयोजकांनी विषय दिला आहे तो 'आदिवासींचे हक्क आणि शाश्वत विकास' असा. विषय मोठा आहे, आणि आम्ही ना अर्थशास्त्राचे जाणकार, ना मानववंशशास्त्राचे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला दुसरं फारसं काही येत नाही. पण कोण कोणता शब्द कशासाठी वापरतो आहे, याकडे लक्ष ठेवायची त्याला सवय लागलेली असते. आजचं बोलणं तेवढ्याच भांडवलावर आहे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. इंग्रजीत ज्याला एकच सर्वनाम आहे, त्याला मराठीत दोन आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जेवायला निघालो' म्हटलं की ऐकणारा घरीच राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तोही पानावर बसतो. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो याची घरी थट्टा होते, ती मास्तरकीची जुनी खोड आहे, ती सोडून द्या. पण आदिवासींविषयी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जे लिहिलं गेलं, जे कायदे झाले, ते या सर्वनामांच्या चाळणीतून काढले तर बरंच काही दिसतं, असं आम्हाला वाटतं.

आधी एक कबुली देतो. १९८०च्या दशकात आम्ही पदवीच्या वर्गाला नीतिशास्त्र शिकवत होतो. मिल चालला होता, उपयुक्ततावाद. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. उदाहरण म्हणून आम्ही धरण घेतलं. काही हजार लोक उठतील, काही लाख लोकांना पाणी मिळेल. हिशेब सोपा आहे, असं आम्ही फळ्यावर आकडे मांडून दाखवलं. मागच्या बाकावर आदिवासी वसतिगृहातला एक मुलगा बसायचा. वर्षभरात तो एकदाच बोलला. त्याने विचारलं, "सर, ही बेरीज करणारा माणूस कुठे बसलेला असतो?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि म्हणालो, "तो कुठेही बसला तरी बेरीज तीच येते." तास संपला. पुढे तो मुलगा दिसेनासा झाला. का, ते आम्ही विचारलं नाही. आम्हाला वाटतं, आमच्या सगळ्या नोकरीत विचारला गेलेला तो सगळ्यांत चांगला तात्त्विक प्रश्न होता, आणि आम्ही तो हसण्यावारी नेला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला चाळीस वर्षं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आता पुस्तकांकडे येऊ. या विषयावरचा आपल्याकडचा सगळ्यांत गाजलेला वाद व्हेरिअर एल्विन आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांचा. दोघांचाही आपल्याशी संबंध आहे. एल्विन १९२७ साली भारतात आले ते पुण्याला, ख्रिस्त सेवा संघात. पुढे गांधीजींच्या ओढीने मिशनपासून दूर झाले, आणि शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मध्य भारतात मैकल टेकड्यांत गोंड आणि बैगांमध्ये राहायला गेले. घुर्ये मूळचे मालवणचे, मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख.

एल्विन यांचं 'द बैगा' १९३९ साली आलं. बैगांची 'बेवर' ही फिरती शेती इंग्रजी वनखात्याने मोडत आणली होती. सावकार, ठेकेदार, दारूचा मक्तेदार, कोर्टकचेरी या सगळ्यांच्या तावडीत माणसं सापडत होती. हे सगळं एल्विन यांनी जवळून पाहिलं, आणि उपाय म्हणून असा विचार मांडला की या लोकांसाठी एक राखीव प्रदेश असावा, एक प्रकारचं राष्ट्रीय उद्यान, जिथे बाहेरच्यांना मोकळा शिरकाव नसेल. त्यावर टीकेची झोड उठली. माणसांचं प्राणिसंग्रहालय करायचं आहे का, असं लोक विचारू लागले. पुढे एल्विन यांनी आपली भूमिका बरीच सौम्य केली, हेही सांगायला हवं.

१९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने घुर्ये यांचं पुस्तक काढलं. त्याच्या नावातच 'तथाकथित आदिवासी' असा टोला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे लोक वेगळे कोणी नाहीत, ते मागासलेले हिंदू आहेत. त्यांची दुर्दशा शेजारच्या समाजाच्या संपर्काने झालेली नाही. इंग्रजांच्या जमीन आणि महसुलाच्या कायद्यांनी झाली. त्यांना अलग ठेवणं इंग्रजांच्या सोयीचं आहे. तेव्हा उपाय एकच, मोठ्या समाजात मिसळून जाणं.

या वादात कोण बरोबर, असं विचारायची पद्धत आहे. आम्ही तसं विचारत नाही. दोघांच्याही पदरी सत्याचा काही अंश आहे. लुटीचं एल्विन यांनी केलेलं वर्णन खोटं नव्हतं, आणि इंग्रजी कायद्यावर घुर्ये यांनी ठेवलेलं बोट अगदी योग्य जागी होतं. पण सर्वनाम पाहा. एल्विन यांच्या मांडणीत आदिवासी आहेत 'ते'. सुंदर, निरागस, जपण्यासारखे, पण 'ते'. घुर्ये यांच्या मांडणीत आहे 'आपण'. ते आपलेच आहेत, आपण सगळे एक. ऐकायला उदार वाटतं. पण हा 'आपण' म्हणणारा मुंबईत बसलेला आहे. ज्याला पानावर बसवायचं, त्याला भूक आहे का, आणि या पंगतीत यायचं आहे का, हे विचारलेलंच नाही. एकाने दुरून राखायचं ठरवलं, दुसऱ्याने जवळ घेऊन विरघळवायचं ठरवलं. ठरवलं दोघांनीही.

बौद्ध दर्शनाच्या अभ्यासकांना इथे एक जुनी जोडी आठवेल : शाश्वतवाद आणि उच्छेदवाद. एक म्हणतो, आहे ते तसंच कायम राहतं. दुसरा म्हणतो, सगळं नष्ट होतं. बुद्धाने दोन्ही टोकं नाकारली. आदिवासींच्या बाबतीत आपण दीडशे वर्षं या दोन टोकांमध्येच येरझाऱ्या घालतो आहोत : एक तर संग्रहालय, नाही तर विसर्जन. आणि गंमत बघा, 'सस्टेनेबल'साठी आपण शब्द निवडला तोही 'शाश्वत'. विकास म्हणजे बदल, शाश्वत म्हणजे न बदलणारं. शब्दशः घेतलं तर 'शाश्वत विकास' हा वदतोव्याघात आहे. त्यापेक्षा बाजारातला 'टिकाऊ' हा शब्द बरा होता. निदान कुणासाठी टिकाऊ, किती दिवस, असं गिऱ्हाईक विचारू शकतं.

मराठीत याच विषयावरचं एक पुस्तक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठ, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी, आणि १९४५ पासूनचा उठाव. १९७२ साली या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरुणपणी हे पुस्तक वाचून आम्ही भारावलो होतो. अलीकडे काही अभ्यासक आक्षेप घेतात की वारली आधी झोपलेले होते काय? बाहेरून कोणी आलं म्हणून जागे झाले काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. चळवळीची माणसं शिक्षकाच्या भूमिकेत शिरतात तेव्हा समोरच्याच्या आधीच्या शहाणपणाकडे त्यांचं दुर्लक्ष होतं. पण शीर्षकाचं क्रियापद नीट पाहिलं पाहिजे. 'जेव्हा माणसाला जागं केलं' असं ते नाही. 'जागा होतो' हे अकर्मक आहे, होणारा स्वतः होतो. आणि तिथे 'आदिवासी' नाही, 'माणूस' आहे. आम्हाला वाटतं, त्या शीर्षकात लेखिकेने अर्धं श्रेय आधीच परत करून ठेवलं आहे.

आता कायद्याच्या भाषेकडे वळू. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. १४४ देश बाजूने, ४ विरुद्ध. विरुद्ध कोण, तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, म्हणजे जिथे हा प्रश्न सर्वांत उघडावाघडा आहे तेच देश. पुढे त्या चौघांनीही आपली भूमिका बदलली. या जाहीरनाम्याचं तिसरं कलम स्वयंनिर्णयाचा हक्क देतं. बत्तिसावं कलम सांगतं की त्यांच्या जमिनीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला आधी मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मिळवावी. आणि शेचाळिसावं कलम राष्ट्रांच्या अखंडतेला धक्का लागणार नाही, अशी हमी देतं. भारताने बाजूने मत दिलं. पण भारताची अधिकृत भूमिका अशी आहे की या देशातले सगळेच लोक इथले मूलनिवासी आहेत. त्याआधी १९७९ साली मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार स्वीकारतानाच आपण नोंदवून ठेवलं होतं की स्वयंनिर्णय परकीय सत्तेखालच्या लोकांपुरता आहे. म्हणजे पुन्हा घुर्येंचाच 'आपण'. सगळेच मूलनिवासी म्हटलं की मूलनिवासी म्हणून हक्क मागायला कुणी उरत नाही.

देशातल्या कायद्याची कथा वेगळी आहे, आणि न्याय करायचा तर ती जास्त आशादायक आहे. १९९६ साली पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्याने मान दिला. पण जमीन संपादनाच्या वेळी ग्रामसभेशी काय करायचं? तर 'सल्लामसलत'. सल्ला आणि संमती यांत फरक काय, हे लग्न जमवणाऱ्या कुठल्याही घराला माहीत आहे. मुलीला विचारलं, म्हणजे सल्ला घेतला. ती 'नाही' म्हणाली आणि तरी लग्न लावलं, तर सल्ला घेतल्याचं पुण्य काय कामाचं? ज्या विचारण्यात 'नाही' या उत्तराला जागा नाही, ते विचारणं नव्हे, ते कळवणं.

२००६ चा वनहक्क कायदा एक पाऊल पुढे गेला. त्याच्या प्रस्तावनेत राज्यसंस्थेने स्वतःच 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं मान्य केलं. कायद्याच्या भाषेत अशी कबुली विरळाच. आणि एक शब्द फार महत्त्वाचा आहे : हा कायदा हक्क 'देत' नाही, हक्कांना 'मान्यता' देतो. देणारा परत घेऊ शकतो. मान्यता देणारा फक्त एवढंच म्हणतो की हे आधीपासून तुमचं होतं, आम्हाला आत्ता दिसलं.

हे कागदावर. जमिनीवर काय घडलं, ते पाहायला गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा या गावी जावं लागतं. लेखा गावाजवळचं, म्हणून मेंढा-लेखा. पाचेकशे वस्तीचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा यांचं नेतृत्व, आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सोबत्यांची अभ्यासाची साथ. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. निर्णय घेण्याची ग्रामसभा वेगळी, आणि नुसती चर्चा करणारा अभ्यासगट वेगळा. आमच्या विद्यापीठांच्या विद्वत्सभांनी शिकावं असं हे आहे : आधी समजून घ्या, मग ठरवा.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं हे एक. हक्क मिळाला, पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा वनखात्याने वाहतुकीचा परवाना अडवला. कारण? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' आहे, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, ते गौण वनोपज नव्हे. वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू हे गवत आहे. २००६ चा कायदाही बांबूला गौण वनोपजात धरतो. ॲरिस्टॉटलपासून वर्गीकरणाची चर्चा आम्ही वर्गात करत आलो, पण 'गवत की झाड' या प्रश्नावर एका गावाची वर्षभराची मजुरी अडकू शकते, हे आम्हाला मेंढ्याने शिकवलं. व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, जंगल त्याच्या हाती. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. वन कायद्यातली 'झाडा'ची व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडलं.

आता आमच्या मुद्द्याचं. बांबू हाती आल्यावर गावाने सगळा तोडून विकला का? नाही. किती तोडायचा, कुठला ठेवायचा, कोण राखण करील, हे ग्रामसभेने ठरवलं. कांट ज्याला स्वायत्तता म्हणतो ती नेमकी ही आहे. स्वायत्तता म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. आपणच घातलेल्या नियमाने आपण बांधलं जाणं. आणि टिकाऊपणाचा अर्थही इथेच सापडतो. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने व्याख्या केली की पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणं म्हणजे टिकाऊ विकास. व्याख्या चांगली आहे. पण मर्यादा कोण घालणार, हे ती सांगत नाही. मर्यादा घालणारा एक आणि ती सोसणारा दुसरा असेल, तर घालणाऱ्याला ती सैल करण्याचा मोह होतो आणि सोसणाऱ्याला ती चुकवण्याचा. दोघे एकच असतील तेव्हाच मर्यादा पाळली जाण्याची काही आशा. म्हणून आमचं म्हणणं असं की स्वयंनिर्णय आणि टिकाऊ विकास या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. पहिली नसेल तर दुसरी नुसती घोषणा आहे.

'नाही' म्हणण्याचा हक्कही याच स्वयंनिर्णयाचा भाग आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगरिया कोंध लोकांचा तो देव, नियमराजाचं ठाणं. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. रायगडा आणि कलाहंडी जिल्ह्यांतल्या बारा ग्रामसभा त्या पावसाळ्यात भरल्या. बाराही ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा म्हणाले होते की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका. ते वक्तृत्व नव्हतं, हे तेव्हा दिसलं.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला : गाव म्हणजे काही स्वर्ग नव्हे. तिथेही पुरुष बोलतात आणि बायका ऐकतात, तिथेही दांडगे असतात. बरोबर आहे. मेंढा लहान आणि एकजिनसी आहे. सगळीकडे तसं नाही. पण हाच आक्षेप इंग्रज आपल्या स्वराज्यावर घेत होते : तुमच्यात जाती आहेत, तुम्ही राज्य काय करणार? दोष दुरुस्त करण्याचा अधिकारही स्वराज्यातच मिळतो. दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. समजा, गावालाच खाण हवी असेल तर? गडचिरोलीतच एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिज निघतं. तिथे ठाकूरदेवाची टेकडी म्हणून विरोध करणाऱ्या ग्रामसभा आहेत, आणि त्याच खाणीवर कामाला जाणारी तरुण मुलंही आहेत. शहरात बसून त्या मुलांना 'तुम्ही जंगल जपा' असं सांगणं म्हणजे पुन्हा एल्विनचं उद्यान. आमचं उत्तर एवढंच : 'होय' म्हणण्याचा हक्कही त्यांचाच. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची खरी मुभा होती, त्याच्याच 'होय'ला संमती म्हणतात. बंदुकांच्या सावलीत, किंवा दुसरा कुठलाच रोजगार नसताना मिळालेला होकार आम्ही संमतीत धरणार नाही.

आणि ही मुभा आपोआप टिकत नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता; पंधरवड्यात त्याला स्थगिती मिळाली, पण तेवढ्यात लाखो घरांचा जीव टांगणीला लागला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांनी करायची, असा क्रम लावला. आधी मंजुरी, मग हक्कांचं बघू. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला विचारायचं. असल्या बातम्या पेपरात आतल्या पानावर येतात आणि आपण त्या वाचतही नाही.

'आपण' म्हटलं मुद्दाम. कारण आता तो शब्द वापरायचा अधिकार मिळवायचा आहे. जो समूह 'आम्ही' म्हणू शकत नाही, त्याला 'आपण'मध्ये ओढणं म्हणजे गिळणं. जो आधी 'आम्ही' म्हणतो, तोच पुढे मोकळेपणाने 'आपण' म्हणू शकतो. मेंढ्याच्या घोषणेत हे दोन्ही आहे. लोकांचं लक्ष 'आम्हीच सरकार'कडे जातं आणि त्यांना फुटीरपणाचा वास येतो. पहिला भाग ते वाचत नाहीत : दिल्ली-मुंबईतलं सरकारही 'आमचं' आहे, असं ते गाव आधी म्हणतं. दिल्ली-मुंबईने मेंढ्याविषयी तेवढ्याच आपुलकीने आणि तेवढ्याच अंतराने बोलायला शिकावं, एवढीच मागणी आहे.

राहता राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न : बेरीज करणारा कुठे बसलेला असतो? आम्ही तेव्हा म्हणालो, कुठेही बसला तरी बेरीज तीच येते. ते चूक होतं. कुठे बसला आहे यावरून काय मोजायचं ते ठरतं. फळ्यापाशी उभं राहून आम्ही घरं मोजली होती, एकर मोजले होते. देवाचा डोंगर मोजला नव्हता, जंगलातली वाट मोजली नव्हती, आणि मागच्या बाकावरचा मुलगा तर मुळीच मोजला नव्हता. तो आज साठीच्या आसपास असेल. कुठे असेल तर त्याने हे ऐकावं, अशी आमची इच्छा आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर असं : बेरीज ज्यांची होते, त्यांनीच खडू हातात घ्यायचा. आणि आमच्यासारख्यांनी जरा बाजूला व्हायचं.

इथे थांबू.